खेळानंतर विचारायचा प्रश्न: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चर्चच्या तरुण संघात खेळ घेण्याबद्दलची तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि तिखटही, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: तरुण संघाला आठवड्यातून एक तास मिळतो, त्यातला अर्धा खेळांत जातो. खेळ संपला की बायबलमधलं एखादं वचन चिकटवून प्रार्थना उरकली जाते. अबोल मुलांची सगळ्यांसमोर कुचंबणा होते. डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा मागे पडून ‘विश्वास’ शिकवणं म्हणजे देवावरच्या विश्वासाचा पोरखेळ. आणि शेवटचा, येशूने शिष्यांचे खेळ घेतले नाहीत, त्याने शिकवलं.

शेवटच्यापासून सुरुवात करू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र आधी ठाम नकार देतो, मग एकदम हात आणि डोकंही धू म्हणतो. सगळं आटोपल्यावर येशू पुन्हा आपल्या जागी बसतो आणि विचारतो: मी तुम्हांला काय केलं ते समजलं का? शिकवण त्यानंतर येते. पाय धुणं हा खेळ नव्हता, आणि या अध्यायावरून खेळांना मान्यता मिळते असं माझं म्हणणं नाही. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी घडलं, मग गोंधळ उडाला, मग प्रश्न आला आणि शेवटी शिकवण.

‘वचन चिकटवलं जातं’ ही तुमची तक्रार याच क्रमाशी जोडलेली आहे. असं जिथे होतं तिथे मधला प्रश्न गळालेला असतो. लीडर खेळ घेतो, मुलं हसतात, आणि तो लगेच म्हणतो, ‘यावरून आपण काय शिकतो, तर...’. मुलांनी काय पाहिलं हे त्याने विचारलेलंच नसतं. त्यामुळे वचन खेळातून उगवत नाही, वरून पडतं. माझा हिशेब साधा आहे. खेळ बारा मिनिटांचा असेल तर बोलणं किमान वीस मिनिटांचं हवं. वेळ कमी पडला तर खेळाची फेरी कापावी, बोलणं कापू नये. आधी फक्त ‘काय काय झालं?’ असं विचारावं आणि उत्तरात मतं न घेता घटनाच घ्याव्यात. मग ‘कुठल्या क्षणी चिडायला झालं?’, मग ‘घरात, मित्रांत असं कधी होतं?’ आणि त्यानंतर पवित्र शास्त्र उघडावं. पहिला प्रश्न गाळला तर मुलं लीडरला आवडेल ते उत्तर देतात, आणि चर्चमध्ये वाढलेल्या मुलांना ते उत्तर तोंडपाठ असतं.

प्रश्न विचारल्यावर गप्पही बसावं लागतं. १९७०च्या दशकात शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतली संभाषणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. श्रद्धेविषयीच्या प्रश्नाला तीनही अपुरे आहेत. मनात सावकाश दहा मोजावेत. अवघड वाटतं, पण सातव्या-आठव्या अंकाला कुणीतरी तोंड उघडतं.

मग खेळच कशाला, थेट चर्चा का नको? याचं उत्तर एका खेळातून देतो. तोच सगळ्यात कमी घेतला जातो आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे.

मुलांना पाठ असलेली सहा उपासनागीतं चिठ्ठ्यांवर लिहा. एकाने चिठ्ठी उचलायची आणि त्या गीताचा फक्त ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा. गुणगुणायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत. वाजवण्याआधी त्याने कागदावर अंदाज लिहायचा की किती जण ओळखतील. ऐकणाऱ्यांनीही उत्तर ओरडायचं नाही, लिहायचं. नाहीतर पहिला ओरडला की बाकीचे त्याच्यामागे जातात आणि खेळ फुकट जातो. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. तुमच्या गटात आकडा जास्त येईल, कारण गीतं मोजकी आणि सगळ्यांच्या ओळखीची आहेत, पण अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली दरी दिसेलच. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, सगळा वाद्यवृंद चालू असतो. समोरच्याच्या कानावर फक्त टकटक पडते, आणि वाजवणारा मनातल्या मनात चिडतो की एवढं सोपं कसं कळत नाही.

आता लगेच दुसरी फेरी. ‘तारण’, ‘कृपा’, ‘पश्चात्ताप’, ‘नवा जन्म’ हे चार शब्द चार कार्डांवर लिहा आणि प्रत्येकाखाली पाच निषिद्ध शब्द. ‘कृपा’च्या खाली देव, येशू, पाप, क्षमा, फुकट. साठ सेकंदांत हे शब्द न वापरता अर्थ समोरच्याला कळवायचा. एकाने निषिद्ध शब्दांवर नजर ठेवायची आणि शब्द निसटला की टाळी वाजवायची. बहुतेक मुलं वीस सेकंदांतच अडतात. शब्द आपल्याला माहीत आहे, तरी तो दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही, हे त्यांना स्वतःलाच कळतं, कुणी सुनवावं लागत नाही. इथे योहानाचा ३रा अध्याय काढा. निकदेम ‘नवा जन्म’ ऐकतो आणि म्हातारा माणूस आईच्या उदरात पुन्हा कसा जाणार, असं विचारतो. येशू वाऱ्याचं उदाहरण देतो, आणि मग निकदेमसारख्या शास्त्र शिकवणाऱ्याला पाठ असणारी गोष्ट काढतो: मोशेने रानात उंच केलेला सर्प. ४थ्या अध्यायात शोमरोनी स्त्रीला वाटतं की हा खरंच विहिरीचा हेलपाटा वाचवणारं पाणी देतोय. तिथे येशू बोलण्याचा विषयच बदलतो आणि तिच्या घराकडे वळतो. दोन माणसं, दोन गैरसमज, सावरायच्या दोन तऱ्हा. हे दोन्ही उतारे व्याख्यानातून सांगता येतात, नाही असं नाही. पण नुकतंच स्वतः टकटक केलेलं आणि अडकलेलं पोर ते वेगळ्या कानांनी ऐकतं.

आता ‘विश्वासाच्या’ खेळांबद्दल. इथे मी तुमच्या बाजूने आहे, किंबहुना तुमच्यापेक्षा एक पाऊल पुढे. मागे पडायचा आणि इतरांनी झेलायचा खेळ घेऊच नये. झेलणारा ऐन वेळी हसतो, पडणारा कंबरेत वाकतो आणि सगळा भार एकाच्या हातांवर येतो. डोक्याला किंवा पाठीला मार बसू शकतो. वजनावरून टोमणे होतात, नको तिथे हात लागतात, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला भित्रा ठरवलं जातं. पण त्याहून मोठी अडचण शिकवणीचीच आहे. मत्तयाच्या ४थ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. जोडीला ९१व्या स्तोत्रातलं वचनही देतो. येशू जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६:१६ चा आधार घेऊन नकार देतो: देवाची परीक्षा पाहू नको. मग ‘डोळे मिट, मागे पड, यालाच विश्वास म्हणतात’ हा धडा त्या प्रसंगात नेमका कुणाच्या तोंडी शोभतो, ते पाहा.

डोळ्यांवर पट्टीचा खेळ मात्र मी टाकून देणार नाही. त्याचा विषय बदलावा लागतो. ‘वाट दाखवणारा म्हणजे देव’ असं कधीही म्हणू नये. दाखवणारं पोर चुकतं, डावं-उजवं उलटं सांगतं, आणि मुलं तोच धागा पकडतात. विषय ठेवावा तो आवाज ओळखण्याचा. सपाट, मोकळी जागा, साधारण सहा मीटर लांब-रुंद. अडथळे कागदी पेल्यांचे. खुर्च्या, दोऱ्या, पायऱ्या नकोत. चालणाऱ्याने हात छातीसमोर धरायचे, आणि एक जण हाताच्या अंतरावर गप्प चालत राहील, फक्त धडक टाळायला. ज्याला पट्टी नको त्याने डोळे मिटले तरी चालतं. एक खरा वाटाड्या, तीन जण चुकीच्या सूचना देणारे, सगळे एकाच अंतरावर आणि ओरडायला बंदी, नाहीतर मोठ्या गळ्याचा जिंकतो. एका फेरीत वाटाड्या चालणाऱ्याचा रोजचा सोबती असावा, दुसरीत फारशी ओळख नसलेला. फरक जाणवला तर योहान १०:४-५ वाचा, तिथे मेंढरं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात. नाही जाणवला तरी बिघडत नाही, तेव्हा १ शमुवेल ३ काढा. शमुवेलाला हाक ऐकू येते, तो तीन वेळा याजक एलीकडे धावतो, आणि ही हाक कुणाची हे त्याला एलीच सांगतो. देवाचा आवाज ओळखायला त्या मुलालाही दुसऱ्या माणसाची गरज पडली, यावर पंधरा-सोळा वर्षांची मुलं बरंच बोलू शकतात. त्यांच्या आयुष्यात एली कोण, हा प्रश्न मात्र घाईने विचारू नये.

अबोल मुलांची कुचंबणा होते हे खरं, पण चर्चेतही होते. गोलात बसवून ‘आता तू सांग’ म्हणणं हे खेळापेक्षा कमी क्रूर नाही. बाद करणारे खेळ टाळावेत, कारण जो लवकर बाद होतो तो बहुधा दर वेळी तोच असतो. ‘पुढे’ म्हणून आपली पाळी सोडायची मुभा सगळ्यांना असावी, कारण न देता, आणि लीडरने ती स्वतः एकदा वापरून दाखवावी. एरवी तो नियम कागदावरच राहतो.

श्रद्धेवर मत विचारायचं असेल तर जमिनीवर पाच मीटरची दोरी टाकून ० ते १० अशा खुणा करतात आणि विधान वाचून मुलांना उभं राहायला सांगतात. तसंच्या तसं घेतलं तर हा खेळ घातक आहे. पाळकांची मुलगी दहावर जाते, तिच्यामागे सगळे जातात, आणि शंका असलेला एकटा तिनावर उघडा पडतो किंवा खोटं बोलतो. म्हणून आकडा आधी चिठ्ठीवर लिहून घ्यावा, नाव नको, सगळ्यांची पेनं एकसारखी. चिठ्ठ्या मिसळून वाटाव्यात. हातात आलेल्या आकड्यावर उभं राहून, तो लिहिणारा काय विचार करत असेल ते सांगायचं. दुसऱ्याची बाजू त्याच्या वतीने मांडणं हाच मग संवादाचा सराव होतो. चिठ्ठी कुणाची ते शोधायला सक्त मनाई. विधान एकच गोष्ट सांगणारं असावं आणि त्याला ‘चर्चमधलं बरोबर उत्तर’ नसावं. ‘शंका असताना केलेली प्रार्थना खरी असते’ हे चालतं. ‘देव चांगला आहे आणि तो प्रार्थना ऐकतो’ हे चालत नाही, त्यात दोन विधानं आहेत आणि उत्तर ठरलेलं आहे. यानंतर मार्क ९:२४ मधला बाप, जो एका दमात विश्वास असल्याचं सांगतो आणि आपल्या अविश्वासासाठी मदतही मागतो. त्याच्या मुलाला बरं करण्याआधी येशू त्याची परीक्षा घेत बसत नाही.

अशा संध्याकाळी एखादं मूल अनपेक्षित काहीतरी बोलून जातं, म्हणून दोन प्रौढ खोलीत हवेतच. ‘इथलं बाहेर जाणार नाही’ असं सरसकट वचनही देऊ नये. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याला त्रास देत असेल, तर ते योग्य व्यक्तीपर्यंत न्यावंच लागतं, आणि हे सुरुवातीलाच सांगून ठेवावं.

तुम्ही लिहिलंत की तुमच्याकडे नऊ मुलं आणि साठ मिनिटं आहेत. तीन-तीनचे तीन गट करा. एक सांगणारा, त्याच्या पाठीला पाठ लावून बसलेला एक चित्र काढणारा, आणि एक निरीक्षक, जो फक्त लिहितो की कोण कधी थांबलं, कोण वैतागलं. सांगणाऱ्याकडे सहा आकारांचं चित्र: वर्तुळ, त्रिकोण, रेषा, एकमेकांत शिरलेले. ते न दाखवता त्याने शब्दांत सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकून काढायचं. घर किंवा चेहरा ओळखू येईल असं चित्र नको, कारण ‘घर काढ’ म्हटलं की खेळ संपला. पहिली फेरी चार मिनिटं, काढणाऱ्याने प्रश्न विचारायचे नाहीत. दुसरी चार मिनिटं, तितकंच अवघड पण नवं चित्र, प्रश्नांना मुभा. मग कागद शेजारी ठेवून बघायला दोन मिनिटं. ‘देवाकडे पूर्ण चित्र आहे’ असा अर्थ काढायचा मोह होतो, तो आवरा. वरचे तीन प्रश्न घ्या, आधी निरीक्षकांना बोलू द्या, यात वीस मिनिटं जातील.

मग यहोशवा २२. यार्देन नदीपाशी इस्राएलाच्या काही वंशांनी वेदी बांधली, बाकीच्यांनी ते बंड समजून लढाईची तयारी केली, पण चाल करण्याआधी याजकाचा मुलगा फिनहास आणि दहा सरदारांना विचारायला पाठवलं. वेदी यज्ञासाठी नव्हतीच, पुढच्या पिढ्यांना साक्ष म्हणून होती. हा अध्याय ३४ वचनांचा आहे. १० ते ३४ मुलांकडून आळीपाळीने वाचून घेतलं तर पाच-सहा मिनिटं लागतात, आणि ‘प्रश्न न विचारता झालेली फेरी इथे कुठे दिसते?’ एवढा एकच प्रश्न त्यावर पुरतो. सुरुवातीची प्रार्थना आणि गीत धरून जवळपास पन्नास मिनिटं होतील. उरलेल्या दहांत तुमचं पाठांतर घ्या. याकोब १:१९ (ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश) त्या दिवशीसाठी चांगलं आहे, आणि पाठांतर वगळा असं मी कुठेच म्हटलेलं नाही.