वायार्ताला जाऊन जेवलात कुठे?

बाळ्या दोन वर्षांनी सॅन होजेहून आला आणि पहिल्याच रात्री कट्ट्यावर वाजलं. आमचा कट्टा म्हणजे डोंबिवलीतल्या एका बंद गिरणीच्या पायऱ्या. चहा समोरून येतो. अण्णा, डॉक्टर, मी, बाळ्या, आणि या वेळी बाळ्याबरोबर वहिनीही होत्या.

बाळ्या सांगत होता की नाताळच्या सुट्टीत दोघांचे आईवडील घेऊन ते मेक्सिकोला गेले होते, पुएर्तो वायार्ताला. "सात दिवस मनगटावर हॉटेलची पट्टी. खाणं-पिणं सगळं त्यात. एकदाही पाकीट काढावं लागलं नाही."

"बाहेर काय खाल्लंत?" मी विचारलं.

"बाहेर कशाला? पिझ्झा, पास्ता, सगळं होतं. एक रात्र मेक्सिकन जेवणही ठेवलं होतं."

मला राहवलं नाही. कंपनीच्या कामासाठी मी आठ महिने मेक्सिकोतल्याच ग्वादालाहारा शहरात होतो. तिथून वायार्ता बसने चार-पाच तास, आणि मी पाच वेळा गेलो. ते गाव मी खाऊन ओळखतो. तिथे सात दिवस राहून मेक्सिको एका रात्रीपुरता जेवायचा, हे मला खरोखर लागलं, आणि मी तसं बोललोही.

"अरे, चार म्हातारी माणसं होती बरोबर," बाळ्या तापला. "बाबांना मधुमेह. कुणाचं पोट बिघडलं असतं तर तू आला असतास का?"

डॉक्टर लगेच त्याच्या बाजूने. "त्या लिंबात टाकलेल्या कच्च्या माशाचं काय? सेविचे की काय ते. लिंबाने मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो. आम्लाने प्रथिनांचं रूप बदलतं, जंतू मरतीलच असं नाही."

हे मला मान्य करावंच लागलं. अग्वाचिले तर त्याहून कच्चं: कोळंबी, लिंबू आणि हिरवी मिरची, कालवली की लगेच पानात. बाबांना मीही दिलं नसतं. पण सेविचे म्हणजे रस्त्यावरचं सगळं खाणं नव्हे. तिथल्या गाड्यांना वेळा असतात, त्या पाळल्या की अर्धी काळजी मिटते. बिर्रिया, म्हणजे बोकडाचं मसालेदार मटण, सकाळचं. कच्च्या माशाच्या गाड्या दुपारी आवरतात. उभ्या सळईवर फिरणाऱ्या डुकराच्या मांसाचे टाको, म्हणजे मक्याच्या छोट्या पोळीत घातलेलं ते मांस, रात्रीचे. संध्याकाळी सातला कुणी सेविचे विकत असेल तर तिथला माणूसही त्या गाडीवर थांबत नाही. गर्दी कुणाची आहे ते बघायचं. ऑफिसातली माणसं, गणवेशातली पोरं, कडेवर मूल घेतलेली बाई दिसली की मी निर्धास्त उभा राहायचो.

"आणि आजारी पडलास का कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदा. एका मोठ्या हॉटेलातल्या बुफेचं सॅलड खाऊन."

"एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही," डॉक्टर म्हणाले. बरोबरच होतं ते.

मग मी टाकोच्या गाडीचं सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कुणाला कळलं नसतं. प्लास्टिकच्या ताटलीवर पातळ पिशवी चढवतात. तुमचं झालं की पिशवी काढून फेकायची, दुसऱ्यासाठी नवी. म्हणजे पाण्याची चणचण असली तरी ताटली खरकटी नाही. तुम्ही उभ्याने खात राहता, एक झाला की दुसरा मागता, आणि कुणी लिहून ठेवत नाही. शेवटी गाडीवाला विचारतो, किती झाले? तुम्ही सांगाल तो आकडा. मी कितीदा तरी बाजूला उभं राहून बघितलं, लोक बोटांवर मोजत आठवतात, बरोबरच्याला विचारतात, "माझे चार की पाच?", आणि पाच म्हणून पैसे देतात. पट्टी बांधून हे कसं दिसणार?

बाळ्या गप्प बसणारा नव्हताच. "हॉटेलातले वाढपी, आचारी, खोल्या आवरणाऱ्या बायका कुठल्या? त्याच गावच्या ना? आमच्या पैशांवर त्यांची घरं चालतात. ते पैसे तुझ्या गाडीवाल्यापेक्षा कमी दर्जाचे का?"

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. एवढंच म्हणालो की हॉटेलात राहा, झोपा, पोहा, पण जेवायला बाहेर पडा. दुपारी एक ते चार कुठल्याही फोंदात शिरा. फोंदा म्हणजे आपली खानावळ. ठरलेलं ताट: आधी सूप, मग भात, मग एक कालवण, बरोबर गरम टॉर्टिया, म्हणजे तिथली पोळी, आणि मोठा पेला सरबत.

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. "भावजी, तुम्ही मटण-मासे खाता, तुम्हाला सोपं आहे. मी शाकाहारी. घेवड्याची उसळ म्हणून वाढली आणि नंतर कळलं की ती डुकराच्या चरबीत परतलेली. त्या दिवसापासून मी फक्त फळं खाल्ली."

ही तक्रार खरी आहे. त्या चरबीला मांतेका म्हणतात. परतलेल्या घेवड्यात ती असते, तामाले नावाच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठात असते, आणि साधा दिसणारा भातही बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. पण गाडीवर करणारी बाई समोर उभी असते. तिला विचारा, ती खरं सांगते, कारण पीठ तिनेच मळलेलं असतं. बुफेच्या टेबलामागे उभ्या पोराला ते ठाऊकच नसतं. आणि मक्याची टॉर्टिया म्हणजे चुन्याच्या पाण्यात उकडून दळलेला मका, बस. त्यात भोपळ्याची फुलं आणि चीज घालून केलेली केसादिया खा. फुलांची भजी आपणही करतोच की. कोवळ्या निवडुंगाची काटे काढलेली पानं भाजून देतात. पेल्यात मक्याचे दाणे, वर लिंबू, तिखट, चीज, ते एस्कितेस. अंडं चालत नसेल तर वरचं मेयोनेज तेवढं नको म्हणायचं. आणि ते लाल सरबत, हमायका, ते कशाचं असतं माहीत आहे?

"कशाचं?"

"लाल अंबाडीच्या बोंडांचं."

वहिनींचं माहेर लातूरचं. "अंबाडीचं सरबत?" त्या दोनदा म्हणाल्या.

तेवढ्यात मला तुबावाला आठवला. वायार्ताला समुद्राकाठी लांबच लांब फरसबंद वाट आहे, मालेकोन. तिथे एक माणूस भला मोठा वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा घेऊन उभा असतो. तुंब्यातून पेल्यात ओततो, वर सफरचंदाचे बारीक तुकडे आणि अक्रोड. गोड, किंचित आंबूस, गार. नारळाच्या पोयीला छेद देऊन काढतात.

अण्णा गुहागरचे. ते पायरीवरून उठलेच. "अरे, ही तर माडी!"

माडीच आहे ती, अण्णा. 1565 ते 1815, अडीचशे वर्षं, स्पॅनिश गलबतं मनिलाहून अकापुल्कोला ये-जा करत होती. त्यांवरचे फिलिपिनो खलाशी त्या किनाऱ्यावर उतरले, राहिले. नारळही त्याच वाटेने आला आणि तो चढून रस काढायची विद्याही. वायार्ताच्या खाली कोलिमा म्हणून प्रांत आहे, तिथे तुबा आजही रोजचं पेय आहे. नावही मनिलाकडचंच राहिलं. मेक्सिकोच्या बाजारात एका आंब्याचं नावच मनिला. किनाऱ्यावर तो काडीवर खोचून, फुलासारखा कापून, तिखट-मीठ-लिंबू लावून देतात. तिखट मात्र त्यांनीच जगाला दिलेलं, तेव्हा तो हिशोब जुना आहे.

"वास येतो का माडीसारखा?" अण्णांनी विचारलं.

"ताज्याला नाही. ठेवली तर येतो."

"मग खरी आहे," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

बाळ्या जरा नरमला होता. मासा तरी चांगला मिळतो का, असं विचारलं. मी म्हटलं, लोस मुएर्तोस किनाऱ्यावर काडीला लावून भाजलेला मासा विकत फिरतात. त्याला गमतीने 'गरोदर मासा' म्हणतात. 'काठीवर भाजलेला' हे स्पॅनिशमध्ये भरभर म्हटलं की 'गरोदर' असं ऐकू येतं, म्हणून. आणि बसून खायचा तर सारांदेआदो. अख्खी तांबोशी पाठीतून उघडायची, मिरचीचं वाटण चोपडायचं, जाळीत धरून निखाऱ्यावर. चौघांना एक पुरते. मासा पूर्ण भाजलेला असतो, डॉक्टर, बाबांनाही चालेल.

"भाजलेला असेल तर माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "सेविचेला आहे. बर्फालाही आहे."

बर्फावरून आणखी दहा मिनिटं गेली. मधोमध भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ शुद्ध पाण्याचा, कारखान्यातून येणारा, असं तिथे सगळे मानतात आणि मीही मानत आलो. डॉक्टरांनी मानलं नाही.

एक गोष्ट मी शेवटी सांगितली, कारण ती मला सगळ्यात जास्त आवडते. फोंदातून जेवून निघणारा माणूस दारापर्यंत जाताना वाटेतल्या प्रत्येक टेबलाला, ओळख ना देख, 'प्रोवेचो' म्हणून जातो.

"म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"सावकाश होऊ द्या."

वहिनींनी पर्समधून पेन काढलं, चहाच्या बिलाची मागची बाजू माझ्यापुढे धरली. "ते चरबीचं काय म्हणायचं, लिहून द्या. देवनागरीत."

मी लिहिलं, 'सिन मांतेका, पोर फावोर'. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, बाळ्याने उच्चार सुधारला, आणि मग त्या दोघांचंच वाजलं.