नकाशातला धुरा

मे महिन्यातल्या रविवारी दुपारी नागपुरात शहाणा माणूस कूलरसमोर आडवा पडतो. मी मात्र कूलरकडे पाठ करून मनपाचे २०१२ चे ७२ प्रभाग आणि २०१७ चे ३८ प्रभाग एकमेकांवर चढवत बसलो होतो. शुक्रवारी साहेब निघता निघता म्हणाले होते, "प्रत्येक जुन्या प्रभागासमोर नवा कोणता ते लिहून टाका, पाच मिनिटांचं काम आहे." साहेबांना पाच मिनिटं लागतात ती गाडीची चावी शोधायला.

नियम तसा सोपा. जुन्या प्रभागाचं सगळ्यात जास्त क्षेत्रफळ ज्या नव्यात गेलं, तोच त्याचा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नकाशांचे थर छेदले, क्षेत्रफळ काढलं, तर उत्तरं सगळी शून्य पूर्णांक शून्य शून्यवाली.

काटोलहून आलेले मामा मागून डोकावले. "हे किती एकर झालं बापू?"

"एकर नाही मामा. चौरस अंश."

"असलं माप तं आमच्या तलाठ्याजवळबी नाही."

मामांचं बरोबर होतं. नकाशा अक्षांश-रेखांशातच राहिला होता. नागपूरसाठी यूटीएमचा, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीचा, ४४ वा उत्तर पट्टा लावला, तेव्हा कुठे चौरस मीटर दिसले. आणि त्याबरोबर चिंध्याही. शेकडो! एकाने हद्द काढताना नाग नदीची मधली रेघ धरली होती, दुसऱ्याने काठ. मधे उरली दोन-तीन मीटर रुंदीची आणि किलोमीटरभर लांबीची पट्टी. प्रत्येक रस्त्याला, प्रत्येक नाल्याला अशी झालर.

"हा तं धुरा हाय," मामा एकदम खुर्ची ओढून बसले. त्यांचं चुलतभावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण मला आठवतं तेव्हापासून चालू आहे, त्यामुळे विषय त्यांचाच. "तो दरसाली नांगराचं एक तास इकडं सरकवते. तुह्यावाल्यानंबी सरकवला."

सरकवला तर सरकवला. सगळ्यात मोठा तुकडाच ठेवायचा म्हटल्यावर चिंध्या आपोआप गळाल्या. पण फुटाळ्यासारखा तलाव मधे आला की नियमाचीच पंचाईत. माणसं एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला, आणि क्षेत्रफळात जिंकतं पाणी. पाणी मत द्यायला येत नाही, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? म्हणून तलाव आधी कापून काढले आणि पुन्हा पहिल्यापासून. तोवर चहा तीनदा झाला.

संध्याकाळी ७२ ओळी भरल्या. सहज म्हणून आमचा जुना प्रभाग पाहिला. ५१ टक्के एका नव्या प्रभागात, ४९ दुसऱ्यात. यादीत अर्थात ५१ वाला. आमचं घर ४९ मध्ये.

मामांनी चष्मा वर केला. "म्हंजे तू राहतं इकडं आन् कागदावर हायस तिकडं. मंग नळाले पाणी नाही आलं तं बोंबलाले कोण्या नगरसेवकाकडं जाशील?"

मी फाईल सेव्ह केली आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो. नळाला पाणी नव्हतं.