कॉन्फिगरेटर घेण्याआधी नियम कोणाकडे आहेत ते पाहावे
उत्पादनाचे पर्याय पुष्कळ असतील तर व्यवसायाने प्रॉडक्ट कॉन्फिगरेटर (कोणता पर्याय कशाबरोबर चालतो, हे ठरवून दिलेल्या नियमांनुसार तपासणारे सॉफ्टवेअर) घ्यावाच, हे या विषयावरील एका लेखातील मत मला अपुरे वाटते. दहा घटक आणि प्रत्येकाचे चार पर्याय एवढ्यावरच 10,48,576 जोडण्या होतात. पण कोणताही पर्याय कशाहीबरोबर चालत असेल, तर साधा ऑर्डर फॉर्म आणि दरपत्रकही पुरते. खरी गरज भासते ती पर्याय एकमेकांवर अवलंबून असतात तेव्हा. पंपासाठी मोठी मोटर निवडली की कपलिंग, बेसप्लेट आणि स्टार्टरही बदलावे लागतात, आणि हे विक्री प्रतिनिधीच्या लक्षात आले नाही तर चूक थेट शॉप फ्लोअरवर उघडकीस येते. म्हणून गेल्या वर्षभरातील कोटेशन काढून, त्यांपैकी किती डिझाइन विभागाकडून दुरुस्त करून घ्यावी लागली आणि त्यात किती तास गेले, हे आधी मोजावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

देखभालीचा उल्लेख लेखात ओझरता आला आहे, याची मला अधिक काळजी वाटते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीने आपल्या व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरसाठी 1980 मध्ये एक्सकॉन ही अशीच नियमांवर चालणारी प्रणाली वापरात आणली आणि ती उपयुक्तही ठरली. परंतु नवी उत्पादने येत गेली तसे तिचे नियम हजारोंनी वाढले आणि ते अद्ययावत ठेवणे हेच एक मोठे काम होऊन बसले. आजची साधने हाताळायला सोपी असली, तरी हे काम टळलेले नाही. नियम एकाच अनुभवी अभियंत्याच्या डोक्यात असतील, तर आधी ते लिहून काढण्यावर खर्च करावा आणि मगच कॉन्फिगरेटरच्या विक्रेत्याकडून किंमत मागवावी.