साहेब बदलले, पण आंब्याचं आता विचारायचं कुणाला?

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र असो, कृषी विज्ञान केंद्र असो की तालुक्याचं कृषी कार्यालय, त्यांच्या पेजवर दोन प्रकारच्या पोस्ट हटकून दिसतात. एक, शाल-श्रीफळ देऊन कुणाला तरी निरोप किंवा कुणाचं तरी स्वागत. दुसरी, मेळाव्याचं निमंत्रण. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, आणि तळाला बारीक अक्षरात "शेतकरी बंधू-भगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे". सत्काराला माझी ना नाही. ज्या माणसाने दहा-वीस वर्षं कातळावर फिरून कलमं बघितली त्याला नारळ मिळालाच पाहिजे. पण या दोन्ही पोस्टमधून बागायतदाराच्या हाती काहीच लागत नाही, आणि ते लागावं म्हणून फार कष्टही पडणार नाहीत, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी माणसांच्या बातमीबद्दल.

कृषी विज्ञान केंद्राचा मंजूर आकृतिबंध १६ माणसांचा असतो. त्यात एक प्रमुख आणि सहा विषय विशेषज्ञ. बाकी प्रक्षेत्र व्यवस्थापक, कार्यक्रम सहायक, कार्यालय, चालक, मदतनीस. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यासाठी उद्यानविद्येचा बहुधा एक माणूस आणि पीक संरक्षणाचा एक. त्यातला एक गेला की विषयच बंद पडतो. पद रिकामं राहिलं तर "अतिरिक्त कार्यभार" दुसऱ्याकडे जातो. कीटकशास्त्रात शिकलेला माणूस मग कलमं, खतं, छाटणी सगळंच सांगायला लागतो. त्यात त्या बिचाऱ्याची चूक नसते, पण "माझ्याकडे चार्ज आहे, छाटणीचं वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला विचारून उद्या सांगतो" असं बोलायची पद्धत पडायला हवी. शेतकरी त्याने नाराज होत नाही. अंदाजाने दिलेल्या सल्ल्यावर मात्र तो वर्षभर चालतो.

म्हणून रुजू झाल्याच्या पोस्टमध्ये फोटोखाली चार ओळी द्या. कोण आले, कुठला विषय बघणार, कुठले तालुके, आणि ज्याचा माणूस सध्या नाही त्या विषयाचं कुणाला विचारायचं. पदवी कुठे घेतली, सुवर्णपदक मिळालं का, हे नंतर लिहिलं तरी चालेल.

फोनचा घोटाळा तर दर वर्षीचा. सल्ल्याचा नंबर साहेबांचा खासगी असतो, व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन एकटे तेच असतात. ते बदलून गेले की ग्रुप अनाथ होतो आणि महिन्याभरात त्यात फक्त सुप्रभात आणि कर्जाच्या जाहिराती उरतात. सिम कार्ड पदाच्या नावावर हवं, माणसाच्या नाही. ग्रुपला कमीत कमी तीन ॲडमिन हवेत आणि त्यातला एक गावातला शेतकरी हवा. खर्च शून्य.

मोठं नुकसान होतं ते प्रात्यक्षिकांचं. भाताचं आद्यरेषीय प्रात्यक्षिक साधारण एक एकरावर असतं. बियाणं केंद्राचं, शेत शेतकऱ्याचं, आणि बाजूला शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचा तुकडा तुलनेला. त्याचा सगळा अर्थ शेवटच्या दिवशी, कापणीला, मोजून वजन करण्यात आहे. लवकर तयार होणारा हळवा वाण कर्जत ३ आणि त्यापेक्षा उशिरा येणारा निमगरवा रत्नागिरी ८ यांची कापणी एका तारखेला येत नाही, मध्ये दोनतीन आठवड्यांचं अंतर पडतं. नव्या माणसाला हे लिहून मिळालेलं नसेल तर हळवं भात कापून, झोडून, कणगीत गेल्यावर तो बांधावर पोचतो. मग अहवालात आकडा येतो तो शेतकऱ्याला विचारून. कार्यभार सोपवताना टेबल, खुर्ची, प्रिंटर यांची यादी होते ना, तशी एक यादी चालू प्रात्यक्षिकांचीही हवी: शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, वाण, पेरणीची आणि लावणीची तारीख, खत कधी दिलं, तुलनेचा तुकडा नेमका कुठला, कापणी कधी अपेक्षित. एक पान पुरतं.

राज्य शासनाच्या नियमित बदल्या २००५ च्या बदली कायद्याप्रमाणे एप्रिल-मे महिन्यांत होतात. विद्यापीठाचे आदेश वेगळे निघतात, पण कृषी खात्याची माणसं नेमकी मेमध्येच हलतात. कोकणात मेच्या शेवटी धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भात पडतं, सुपारीवर पहिली फवारणी असते, खतं गोळा करायची असतात. नवा माणूस गाव ओळखेपर्यंत तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटायला येतो. कायदा बदलणं आपल्या हातात नाही, पण त्या पंधरवड्यातले कार्यक्रम जुन्या आणि नव्या माणसाने मिळून घ्यायला काय हरकत आहे?

आता कार्यक्रमांबद्दल. इथे जरा सविस्तर लिहितो.

कार्यक्रमाची तारीख कशावरून ठरते? बहुतेक वेळा पाहुण्यांच्या सवडीवरून, नाहीतर ३१ मार्चच्या आधी निधी संपवायचा म्हणून. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंबा मोहोर संरक्षणावर होणारी चर्चासत्रं मला कळत नाहीत. तोवर कैरी वाटाण्यापासून सुपारीएवढी झालेली असते. तुडतुड्याची मादी कोवळ्या पालवीत आणि मोहोरात अंडी घालते. पिल्लं रस शोषतात, चिकट स्राव पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते. म्हणजे पहिली फवारणी पालवीवर, मोहोर फुटण्याआधी. त्याचं प्रशिक्षण ऑक्टोबर संपताना बागेत व्हायला हवं. आणि पत्रकावर औषधाच्या कंपनीचं नाव न छापता घटकाचं नाव आणि टक्केवारी छापा. तीन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच घटक निघतो, शेतकरी औषध बदललं म्हणून खूश होतो आणि तुडतुडा त्याला सरावतो.

पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आंब्याला मोहोर यावा म्हणून मुळाशी द्यायचं, आपण सगळे ज्याला कल्टार म्हणतो ते औषध, त्याचं तर तारखेशिवाय काहीच नाही. विद्यापीठाची शिफारस १५ जुलै ते १५ ऑगस्ट. म्हणजे कार्यक्रम १० जुलैच्या आत. २३ ऑगस्टला घेतलेल्या "कल्टार मार्गदर्शन मेळाव्या"ला चहाशिवाय काय मिळणार? हा विषय सभागृहात शिकवायचाही नाही. कलमाखाली टेप घेऊन उभं राहायचं. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम मोजा, दक्षिण-उत्तर मोजा, सरासरी काढा. एक बाजू ८ मीटर, दुसरी १० मीटर, सरासरी ९. मीटरला ३ मिली, म्हणजे या झाडाला २७ मिली. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळायचं. बुंध्यापासून फांद्यांच्या टोकापर्यंतचं जे अंतर, त्याच्या निम्म्यावर गोल आखून सारख्या अंतरावर २५ ते ३० भोकं पाडायची, १० ते १२ सेंमी खोल, आणि द्रावण सगळ्यांत सारखं वाटून ओतायचं, मग भोकं बुजवायची.

चुकतं कुठे? बुंध्याशीच बदाबदा ओततात. अन्न घेणारी बारीक मुळं तिथे नसतात. आळ्यातलं गवत न काढता ओततात, मग औषध गवताच्या मुळांनाही मिळतं. मुसळधार पावसात ओततात, ते उताराने व्हाळात जातं. दहा वर्षांच्या आतल्या कलमाला देतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दर वर्षी देतात पण शेणखत-खत वाढवत नाहीत. हे औषध झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक अडवून पालवी रोखतं आणि मोहोराकडे वळवतं. झाडाला अन्न देणं हे त्याचं काम नाही. उपाशी कलमावर मोहोर येतो, पुढे फांद्या आखूड होत जातात, झाड बसतं. हे सगळं एका झाडाखाली अर्ध्या तासात दाखवता येतं. स्लाइड लागत नाहीत.

बोर्डो मिश्रणाचंही तसंच. सुपारीच्या कोळेरोगाला, म्हणजे पावसात फळं कुजून गळतात त्या रोगाला, एक टक्का बोर्डोची पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, पुढची साधारण दीड महिन्याने उघडीप बघून. प्रत्येक आगरवाला म्हणतो मला येतं. मग लोखंडी भांड्यात मोरचूद विरघळवतो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, हे पाठ असतं. मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात आदल्या रात्री फडक्यात बांधून टांगून ठेवावं, तळाशी टाकलं तर लवकर विरघळत नाही. कळीचा चुना दुसऱ्या पिंपात विरवून, गाळून ५० लिटर. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात, काठीने ढवळत. शेवटी चाचणी: घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा किंवा कोयत्याचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस लेप धरला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुन्याची निवळी आणखी घाला, पुन्हा बघा. ही चाचणी न करता फवारलं तर कोवळा घोस करपतो आणि दोष बोर्डोला जातो. चुना उघड्या पोत्यात वर्षभर पडलेला असेल तर किलोला किलो घालूनही हेच होतं. त्याचा जोर हवेनेच गेलेला असतो. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. या कार्यक्रमाच्या निमंत्रणात एकच वाक्य वाढवा: "घरचा चुना मूठभर घेऊन या." त्यातच अर्धं शिक्षण होतं.

भाताला चारसूत्री लागवड आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. विषय जुना झाला असं समजून आता पत्रकातही येत नाही, पण किती खाचरांत नीट होतं ते बघा. १५ आणि २५ सेंमीच्या आळीपाळीने खुणा असलेली दोरी लागते. १५ बाय १५ च्या चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंमी खोल, लावणीच्याच दिवशी. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या, वजन पावणेदोन किलोच्या आतच. गोळी वरच राहिली तर नत्र पाण्यात उतरून वाहून जातं. खोल चिखलात हवा नसते, तिथे ते टिकतं आणि मुळांना हळूहळू मिळतं. वरकसात, पाणी झिरपून जाणाऱ्या जमिनीत मात्र गोळीचा फारसा फायदा नाही, हेही स्पष्ट सांगा. आता गंमत बघा: प्रशिक्षणाला बोलावतात पुरुषांना आणि लावणी करतात बायका. गोळी कुणाच्या हाताने चिखलात जाणार आहे? कार्यक्रम ज्या दिवशी लावणी आहे त्याच दिवशी, त्याच खाचरात घ्या. गावात राहायला आलेले कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी त्या सुमारास मोकळे असतात, त्यांना दोरी धरायला उभं करा.

बियाण्याचं मिठाच्या पाण्याचं प्रात्यक्षिक पाच मिनिटांचं, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, तरंगणारं काढून टाका, खालचं दोनतीनदा धुऊन सावलीत सुकवा. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची, म्हणजे वर्धापनदिन पेरणीच्या अगदी तोंडावर येतो. बियाणं न्यायला लोक येतातच. बियाणं विक्रीच्या रांगेशेजारीच एक टब ठेवला तर वेगळं निमंत्रण काढायला नको.

माती परीक्षणाची शिबिरं ५ डिसेंबरला, जागतिक मृदा दिनी, सगळीकडे होतात. रब्बी भाजीला ठीक आहे. पण भाताची आणि बागेची खतं जूनमध्ये पडतात, त्याचे नमुने मेच्या सुरुवातीलाच हवेत, नाहीतर पत्रिका येईपर्यंत खत घालून झालेलं असतं. बांधालगतची, शेणाच्या उकिरड्याजवळची माती चालत नाही, हे पत्रकावर छापा, म्हणजे नमुने परत पाठवावे लागणार नाहीत.

दिवस निवडताना कोकणचं पंचांगही बघा. शिमग्यात आणि गणपतीत मेळावा ठेवला तर खुर्च्या रिकाम्या राहणार, हे कुणीही सांगेल. पण गौरी-विसर्जनानंतरचा एखादा दिवस मात्र सोन्यासारखा असतो. बागेचे निम्मे निर्णय मुंबईतल्या भावांच्या हातात असतात आणि ते तेव्हा गावात असतात. बांडगूळ काढायला, सुकी फांदी छाटायला, काजूच्या पालवी-मोहोर-फळधारणेच्या तीन फवारण्यांचा खर्च कुणी किती घालायचा हे ठरवायला तीच वेळ. तसाच मेमधला एखादा रविवार. चाकरमान्यांनाही निमंत्रण द्या, निदान त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तरी टाका.

आणि वेळ. "सकाळी १०.३० वाजता" छापायचं आणि दीप प्रज्वलन १२ ला करायचं, मग तांत्रिक सत्राला चाळीस मिनिटं उरतात आणि दुपारची एसटी धरायला मागच्या रांगा उठू लागतात. आधी बाग, मग भाषणं, असा क्रम लावला तर पाहुणे उशिरा आले तरी काही बिघडत नाही. निमंत्रणावर परतीच्या गाडीची वेळ छापणारं एकही केंद्र अजून माझ्या बघण्यात नाही.