दोन्हींत अँटिबॉडीच, पण एकसारख्या नाहीत

जनावरं पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: लस दिलेल्या जनावराच्या रक्तात अँटिबॉडी असतात, रोग होऊन गेलेल्याच्याही असतात, मग कुठलं कुठलं हे कुणाला कळणार? लस टोचली की रोग झाकला जातो, आणि ‘आम्ही फरक ओळखतो’ म्हणणाऱ्या चाचण्या निव्वळ किट खपवण्यासाठी. लिहिणारा अडाणी नाही. अर्धी गोष्ट त्यानं बरोबर सांगितली आहे, म्हणूनच ती पसरते.

‘दोन्हींत अँटिबॉडीच.’ हो, पण कशाविरुद्धच्या? लाळ्या-खुरकुत या गुरांच्या साथीच्या रोगाचंच बघा. त्याचा विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या नकला काढायला काही प्रथिनं बनवतो. ही प्रथिनं त्याच्या कवचात नसतात, कामापुरती असतात. चाचणीत सर्रास वापरलं जाणारं ‘३एबीसी’ त्यांतलंच. लशीत असतो मेलेला विषाणू, आणि चांगल्या लशीतून ही कामाची प्रथिनं शुद्धीकरणात काढून टाकलेली असतात. त्यामुळे लस दिलेल्या जनावराच्या शरीराची ओळख फक्त कवचाशी होते, रोग झालेल्याची आतल्या सगळ्या कारखान्याशी. चाचणी कवचाच्या अँटिबॉडीकडे बघतच नाही.

इथे एक जुनी ठेच लागलेली आहे. १९६०च्या दशकात निघालेली अशीच एक चाचणी ‘३डी’ या प्रथिनावर बेतलेली होती. ते विषाणूच्या कणाला चिकटून लशीतही उतरायचं, आणि लस दिलेली जनावरंही पॉझिटिव्ह यायची. मजकुरातला संशय तेव्हा खराच होता.

‘किट खपवायचा धंदा.’ फरक ओळखणारी, सगळ्यांना मान्य चाचणी हाताशी नसेल तर काय होतं ते २००१ साली दिसलं. लाळ्या-खुरकुताच्या साथीत ब्रिटननं ६० लाखांहून जास्त जनावरं मारली. नेदरलँड्सनं लस टोचली, आणि व्यापार लवकर सुरू व्हावा म्हणून लस दिलेली जनावरंही नंतर मारली. आज जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमानुसार लस दिलेली जनावरं मारली तर देशाला रोगमुक्त दर्जा ३ महिन्यांनी परत मागता येतो. जिवंत ठेवली तर सहसा ६ महिन्यांनी, आणि सोबत याच चाचणीनं केलेली रक्ततपासणी दाखवावी लागते.

‘माझं धडधाकट जनावर पॉझिटिव्ह आलं, म्हणजे चाचणी खोटी.’ सगळ्यात जास्त गोंधळ इथे. या अँटिबॉडी रोग बरा झाल्यावरही बराच काळ टिकतात. पॉझिटिव्ह म्हणजे आज लाळेतून विषाणू गळतोय असं नव्हे. वासरात त्या आईच्या चिकातून आलेल्या असू शकतात. नीट शुद्ध न केलेली लस पुनःपुन्हा टोचली तरी येतात. शिवाय साधा हिशेब आहे: चाचणी १०० निरोगी जनावरांतलं १ चुकून पॉझिटिव्ह दाखवत असेल, तर १००० निरोगी जनावरांत १० निघणारच. म्हणून निकाल एकेका जनावराचा नाही, कळपाचा वाचतात. पॉझिटिव्ह चार दिशांना विखुरलेले असतील तर ती बहुधा चाचणीची चूक, एकाच दावणीला शेजारी बांधलेल्या पाच कालवडी असतील तर संसर्ग फिरल्याची शंका.

मजकुरासोबत चाचणीच्या ९६ खळग्यांच्या प्लेटचा फोटोही आहे (एकेका खळग्यात एकेक नमुना), बहुतेक खळगे रंगलेले, खाली ओळ: ‘बघा, सगळीच पॉझिटिव्ह!’ या चाचणीच्या बऱ्याच किटमध्ये उलटं असतं. नमुन्यात अँटिबॉडी असतील तर त्या रंग चढू देत नाहीत. गडद खळगा म्हणजे निगेटिव्ह. फोटो खरा असेल आणि किट त्या जातीचं असेल, तर तो कळप बहुतांशी स्वच्छ आहे.

‘एका लशीचं खरं, ते सगळ्यांचं.’ नाही, आणि चाचणीचे उत्साही समर्थकही इथेच घसरतात. लस आणि चाचणी जोडीनंच यावी लागते. गायींच्या आयबीआर या विषाणूजन्य श्वसनरोगासाठी ‘जीई’ हे विषाणूचं प्रथिन काढून टाकलेली लस असते आणि चाचणी नेमकी जीईच्या अँटिबॉडी शोधते; त्याच कळपात जुनी साधी लस दिलीत की चाचणी वाया. गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला जिवाणूची एस-१९ लस ‘रोज बंगाल’ या रक्तचाचणीत गोंधळ घालते, आरबी-५१ ही दुसरी लस घालत नाही.

‘रोग झाकला जातो.’ अर्धं खरं. लस दिलेल्या जनावराला लक्षणांशिवाय संसर्ग होऊ शकतो, गायी-म्हशींच्या घशात विषाणू २८ दिवसांपलीकडेही राहू शकतो, आणि अशा जनावरात ३एबीसीच्या अँटिबॉडी कमी बनल्या तर चाचणी ते चुकवतेही. म्हणून नमुने एकदाच घेऊन भागत नाही. पण झाकलेलं शोधायलाच तर ही चाचणी आहे.

आणि फरक कळत नाही म्हणून लसच नको, हा न्याय बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या रोगाला लावला असता तर? तिच्या नेहमीच्या लशीला अशी जोडीची चाचणी नव्हतीच. तरी लस टोचत राहिले, रोग दिसेनासा झाल्यावर ती थांबवली, आणि त्यानंतर जन्मलेल्या जनावरांचं रक्त तपासलं. चिकाचा असर ओसरल्यावर त्यांच्यात अँटिबॉडी सापडल्या असत्या तर त्या लशीच्या असणं शक्यच नव्हतं. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं.