‘व्हायकेरियस’चा विकाराशी संबंध नाही

आमच्या बेळगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत एक मजकूर फिरतोय. इंग्रजीतला ‘व्हायकेरियस’ म्हणे संस्कृत ‘विकार’वरून आला, त्याचा अर्थ दुसऱ्याच्या सुखदुःखात चोरून रस घेणं, तो टीव्हीच्या काळात जन्मला आणि मराठीला हा भावच ठाऊक नाही. मला तो माझ्या मावसभावानेच पाठवला.

आधी विकाराचं बघू. तो ‘वि’ आणि ‘कृ’ मिळून झालेला. व्हायकेरियसचं मूळ लॅटिन ‘विकारिउस’, म्हणजे बदली माणूस. रोममध्ये गुलामाच्या हाताखालच्या गुलामालाही हेच म्हणत. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या व्हाइस चॅन्सलरमधला ‘व्हाइस’ याच घराण्यातला. (दुर्गुण या अर्थाचा ‘व्हाइस’ निराळा. मजकूर लिहिणारा तिथेच घसरला असावा.) आणि गोव्याशी सोयरीक असलेल्या खानापूरच्या ख्रिस्ती घरांत विचारा, चर्चच्या मुख्य पाद्रीला कोंकणीत ‘विगार’ म्हणतात. पोर्तुगीजांकडून आलेला हा त्याचा सख्खा भाऊच. आम्ही इंग्रजी डिक्शनरी उघडण्याआधी तो चोर्ला घाट चढून आलाय!

टीव्हीचं तर सोडाच, हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. कोर्टातही तो रुळलाय: कामावरच्या नोकराने केलेल्या नुकसानीची भरपाई मालकाच्या माथी येते, ती ‘व्हायकेरियस लायबिलिटी’. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने सरकारी जीपच्या ड्रायव्हरने केलेल्या अपघाताची भरपाई राजस्थान सरकारला द्यायला लावली, ती याच तत्त्वावर. यात चोरून रस कुठे आला?

दुसऱ्याच्या जागी मनाने उभं राहणं हा अर्थ पुढचा. कुस्तीच्या फडाला कडेला बसलेला म्हातारा बघा. घिस्सा मारतो पैलवान, मान वळते याची.

मराठीत नेमका एक शब्द नाही, हे मान्य. ‘उसना अनुभव’ त्यातल्या त्यात बरा, पण उसनं परत करावं लागतं. भाव मात्र आपल्याला नवा नाही. नाटक बघणाऱ्याला परक्याचं दुःख आपलं कसं होतं, याची मीमांसा संस्कृत काव्यशास्त्राचा पंडित भट्टनायक याने हजारएक वर्षांपूर्वी केली, तिला ‘साधारणीकरण’ म्हणतात.

१९५६ साली भाषावार प्रांतरचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तरी त्याच्या निषेधाच्या, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत दंडावर काळी फीत बांधली की आज्जाने सांगितलेलं सगळं मीच सोसल्यासारखं वाटतं. मजकूर पाठवणारा मावसभाऊ त्या फेरीत माझ्या शेजारीच असतो.