भिंतीच्या दर्जा कोण भरणार?

मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या इमारतींवरून पुन्हा तेच सुरू झालंय: ‘साहेबाची दुकानं ती, त्यांचं कसलं कौतुक? पाडा नि टॉवर उभारा.’ शिकागोत बसून हे वाचताना डोकं फिरतं. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आताच्या डी. एन. रोडवर, व्हाइटवे लेडलॉ या ब्रिटिश कंपनीचं दुकान होतं, त्याच इमारतीत पुढे खादी भांडार नांदलं. यावर काय म्हणणं?

इथे स्टेट स्ट्रीटवर वास्तुविशारद लुई सलिव्हननं १८९९ ते १९०४ दरम्यान बांधलेलं कार्सन्सचं दुकान आहे. खालचे दोन मजले बिडाच्या नक्षीचे, वर पांढरा टेराकोटा. कार्सन्सनं २००७ मध्ये गाशा गुंडाळला; २०१२ पासून तिथे टार्गेट या साखळीचं दुकान आहे.

टेराकोटा म्हणजे मागे लोखंडी आकड्यांवर पेललेली भाजलेली माती. दर्जांतून, म्हणजे तुकड्यांमधल्या सांध्यांतून, पाणी शिरलं की आकडे गंजतात, गंज फुगतो आणि तुकडा आतून फुटतो. म्हणून परांचीवर चढून लाकडी हातोडीनं एकेक तुकडा वाजवायचा: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला की मागे पोकळी. मग दर्जा उकरून टेराकोटापेक्षा मऊ मसाला भरायचा, गंजके आकडे काढून स्टेनलेस स्टीलचे घालायचे. वाळूचा मारा करून ‘स्वच्छ’ केलं की झिलई उडते आणि भिंत पाणी पिते. सिलिकॉननं सगळं बुजवलं की आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. बिडाचंही तसंच: निथळायची भोकं रंगात बुजली की गंज आतून सुरू होतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत तर जास्तच. इंग्लंडहून बिडाचे सुटे भाग आणून तिथे उभारलेलं वॉटसन्स हॉटेल बघा.

यात साहेब कुठे आला? प्रश्न दर्जा भरायच्या पैशांचा आहे. मुंबईत १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठली, मालकानं डागडुजी सोडली. इथे नोंदणीकृत वारसा इमारत नियमानुसार दुरुस्त केली की खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते. शिकागोत ८० फुटांवरच्या इमारतींची बाहेरची भिंत ठरावीक मुदतीनं तपासून घ्यावीच लागते.

आता खरं सांगायचं तर इथेही सोवळं कुणी नाही. कार्सन्सचा मूळचा कॉर्निस, म्हणजे माथ्यावरची पुढे आलेली कड, १९४८ मध्ये छाटला होता. सलिव्हनचंच स्टॉक एक्स्चेंज १९७२ मध्ये पाडलं. तुलना करताना हे सोयीनं विसरलं जातं, माझ्याकडूनही. आणि एक खटकतं: स्टेट स्ट्रीटला ‘आमचा’ म्हणताना जीभ अडखळत नाही, डी. एन. रोडच्या कमानींबद्दल बोलताना मात्र ‘तुमच्या मुंबईत’ असं तोंडून निघतं.